बोलपटातली अक्षरे

अमृतराव घाट, वाराणसी

चि. मुकुंद,

मूकपटाच्या काळात कर्णबधिर प्रेक्षक कोणाच्या मागे नव्हता. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा काशीच्या स्मशानापर्यंत येणारी ती कथा ज्याला वाचता येई त्याला पाट्यांवरून कळे. इतरांना शेजारी सांगत. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा बोलपट आला, पुढल्याच वर्षी ‘प्रभात’ने हरिश्चंद्राची हीच गोष्ट ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलकी केली. संवाद आले, पाट्या गेल्या आणि कर्णबधिर प्रेक्षक नकळत बाहेर राहिला.

अमेरिकेत ही उणीव भरायला कर्णबधिरांनीच हात घातला. मूकपटांत कामे केलेला इमर्सन रोमेरो स्वतः कर्णबधिर होता. १९४७ च्या सुमारास त्याने बोलपटांच्या प्रती मिळवून दृश्यांच्या मध्ये मजकुराच्या पाट्या जोडल्या. युक्ती ओबडधोबड होती, पण मागणी खरी असल्याचे तिने दाखवले. १९५८ मध्ये तिथे अशा चित्रपटांसाठी सरकारी खर्चाचा कायदाच झाला.

भारतात २०११ च्या जनगणनेने ५० लाखांवर माणसांचा श्रवणदोष नोंदवला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमात कॅप्शन, सांकेतिक भाषा आणि ध्वनिवर्णन या तिन्हींची जबाबदारी सरकारवर आहे. कागद हलला तो मात्र कोर्टामुळे. जानेवारी २०२३ मध्ये ‘पठाण’ चित्रपटाबाबत दिल्ली उच्च न्यायालयात जे अर्जदार गेले, त्यांत दृष्टिहीनही होते आणि कर्णबधिरांच्या संघटनेचे पदाधिकारीही. एकाला पडद्यावरचे दृश्य शब्दांत हवे, दुसऱ्याला कानावरचे शब्द पडद्यावर; तरी अर्ज एकच. चळवळीच्या दृष्टीने यातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. प्रदर्शन काही दिवसांवर आल्याने न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी थिएटरचा आग्रह धरला नाही. ओटीटीवरच्या आवृत्तीत मात्र हिंदी कॅप्शन आणि ध्वनिवर्णन घालायला सांगितले.

त्यानंतर १५ मार्च २०२४ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांतल्या कॅप्शन आणि ध्वनिवर्णनासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. एकाहून अधिक भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या चित्रपटांना ६ महिने, बाकीच्यांना २ वर्षे, अशी मुदत त्यांत होती. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी आणि इफ्फी महोत्सवातल्या इंडियन पॅनोरमासाठी येणाऱ्या चित्रपटांना ही सोय १ जानेवारी २०२५ पासून सक्तीची झाली.

कागदावरचा हा नियम पडद्यावर आणताना गावपातळीवरची चळवळ बहुधा अडते. कॅप्शनची फाइल निर्माता करतो, प्रमाणपत्र सेन्सॉर बोर्ड देते, पडदा थिएटरवाल्याचा. आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून ‘सिनेमे कॅप्शनसह दाखवा’ असे मोघम निवेदन कुणालाच बांधत नाही. अमुक चित्रपटाचा, अमुक वारी, अमुक वेळचा एक खेळ पडद्यावरच अक्षरे दाखवून व्हावा, ही मागणी बांधते. त्याला नवे यंत्र लागत नाही. डिजिटल प्रतीत अक्षरांची आवृत्ती आलेली असली की प्रोजेक्टरवाल्याने ती निवडायची. इतर प्रेक्षकांना अक्षरे नकोच असतील, तर मागच्या भिंतीवर उलटा मजकूर उमटवून तो खुर्चीजवळच्या पारदर्शक पट्टीत सुलट वाचण्याची सोयही आहे. ती खर्चिक, आणि भिंतीवरचा मजकूर ऐन वेळी बंद पडला की तिकीट वाया. उघड अक्षरांचा खेळ त्याहून बरा.

भाषेचा आग्रह आधीच धरावा लागतो. हिंदी चित्रपटाखाली इंग्रजी ओळी टाकून काम झाले असे समजणारे पुष्कळ. बनारसच्या कर्णबधिर मुलाला हिंदी हवी, नाशिकच्या मुलाला मराठी चित्रपटाखाली मराठी. शिवाय नुसते संवाद पुरत नाहीत: कोण बोलतो आहे, दार वाजले, पाठीमागे सनई चालू आहे, हेही लिहिलेले लागते. ज्यांची पहिली भाषा सांकेतिक आहे, त्यांना लिखित वाक्य वाचायला क्षणभर जास्त लागतो, म्हणून ओळी लहान आणि पुरेसा वेळ टिकणाऱ्या असाव्यात. हे तपासायला कर्णबधिर माणसेच बसवावीत. ऐकू येणारा तपासनीस कानाने समजून घेतो आणि ओळ चुकली तरी पुढे जातो.

थिएटरने टाळाटाळ केली, तर तक्रार आधी परवानाधारकाकडे लेखी द्यायची, मग परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे. उत्तर प्रदेशात हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. तक्रारीला चित्रपटाचे नाव, खेळाची वेळ आणि तिकिटाची प्रत जोडावी, आणि पहिली सही कर्णबधिर प्रेक्षकाची असावी.

कळावे,
तुझा मामा