चढाचा शॉट

शहापूर-मुरबाडकडच्या शाळांत मी मुलांना मोबाइलवर माहितीपट करायला शिकवते. तो पुरा झाला की कसा घडला हे सांगणारा तीन मिनिटांचा वेगळा व्हिडिओ मुलांनी करायचा असतो. मला हा दुसरा व्हिडिओ जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्याचा पहिला आराखडा बहुतेक गट सारखाच आणतात. फळ्यासमोर रांगेत उभं राहायचं, ‘खूप शिकायला मिळालं’ म्हणायचं, शेवटी आभार. तो मी बाजूला ठेवायला लावते आणि प्रत्येकाकडून एकच गोष्ट मागते: फिल्ममधून काढून टाकलेला एक शॉट शोध, आणि तो का काढलास हे तो बघत बघत सांग. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ सालीच ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट केला होता. त्यात ते प्रत्यक्ष काम करताना दिसतात. मुलांनाही मी हेच सांगते, काम दिसू दे.

यंदाच्या एका गटाचा विषय पाण्याचा. शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचं पाणी १८९२पासून मुंबईला जातं, पुढे भातसा धरणाचंही जाऊ लागलं. आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. मुलांनी आटलेली विहीर, हंड्यांची रांग, सगळं नीट टिपलं. पाड्यावर फिल्म दाखवली तेव्हा एक आजी म्हणाल्या, “हंडा दिसला गं, पण चढ कुठं हाय?”

विहिरीपासून घरापर्यंतचा चढ नववीतल्या एका मुलीने शूट केला होता. आजींच्या मागून चालताना मोबाइल हलला, तिच्याच धापांचा आवाज आला, म्हणून तिने तो कापला. आता तोच तिचा शॉट ठरला.

आज्यांना टिपायला बाहेरचे कॅमेरेही येतात. मुरबाडच्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. तिथल्या गुलाबी नऊवारीतल्या आज्यांना टिपायला दूरदूरचे कॅमेरे आले. गावातल्याच या पोरीने घेतलेल्या चढाच्या शॉटमध्ये मात्र चढणाऱ्या आजींसोबत घेणारीही दमलेली असते. असं फुटेज फेकायचं नाही, असं मी आता पहिल्याच दिवशी सांगते. मूळ कार्डावरून काहीही पुसायचं नाही.

नियोजनातली खरी अडचण पावसाची. माहितीपट उन्हाळ्यातला, हा दुसरा व्हिडिओ शाळा उघडल्यावर जूनमध्ये. तोवर डोंगर हिरवे झालेले असतात. त्याच विहिरीपाशी उभं राहून उन्हाळा असल्यासारखं बोलायला मी मनाई केली आहे. विहीर भरलेली दिसू दे, आणि तरी एप्रिलबद्दल बोला. वर्गातला आवाज मात्र पाऊस थांबलेला असतानाच घ्यायचा, कारण वर्गावरच्या पत्र्यांवर सर सुरू झाली की माइकला दुसरं काही ऐकू येत नाही.

मुलीने चढाचा शॉट अख्खा, पाऊण मिनिटाचा ठेवायचं म्हटलंय, वर निवेदन न घालता. गटाला तो लांब वाटतो. माझं मत तिच्या बाजूने आहे, पण एडिटिंगला बसण्याआधी तो आजींना दाखवून मगच ठरवायचं आहे.