रंगवलेला दगड

अमेरिकेतील केप कॉडच्या समुद्रकिनाऱ्यावर २०१५ साली मेगन मर्फी यांनी गुळगुळीत गोट्यांवर धीराचे चार शब्द लिहून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवले. पुढे असे दगड रंगवून लपवण्याचा छंद देशोदेशींच्या घरांत शिरला.

सुट्टीच्या दुपारी टेबलावर जुनी वर्तमानपत्रे अंथरली जातात. धुऊन वाळवलेल्या दगडावर कुणी मासा काढतो, कुणी नुसतेच ठिपके. रंग सुकला की वरून वॉर्निश. नाहीतर पहिल्या पावसातच माशाचा रंग उडायचा! खरी कसोटी लागते ती लपवताना. तासभर खपून रंगवलेला मासा मुलाच्या मुठीतून सुटता सुटत नाही. तो कुणाला सापडेल, हे बहुधा कधी कळणारही नसते. अशा देण्यात मोठी माणसे तरी कुठे तरबेज असतात?

२०२०च्या टाळेबंदीत ब्रिटनमधील मुलांनी पायवाटेच्या कडेला दगडाला दगड जोडून लांबलचक साप केले. शेजाऱ्यांच्या गाठीभेटी बंद होत्या, पण त्यांचे दगड एका रांगेत होते. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांना मात्र हा प्रकार मान्य नाही. रानात ठेवलेला रंगीत दगड त्यांच्या लेखी कचराच, आणि ते रास्तच आहे. म्हणून जाणती कुटुंबे गावातील बागेचे बाक शोधतात.

दुसऱ्या दिवशी मूल त्या बाकाखाली वाकून पाहते. मासा गेलेला असतो.