सगळ्याच पट्ट्या आखूड!

मुलांनो, आमचा भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. डब्याचं झाकण जरा लहान झालं तर बसत नाही, मोठं झालं तर सैल पडतं. म्हणून माप किती चुकलं तरी चालेल, याची हद्द ठरलेली असते.

दिवाळीआधी आकाशकंदिलासाठी मी वर्गाला १० सेंटिमीटरच्या कागदी पट्ट्या कापायला सांगितल्या. २ मिलिमीटर कमी-जास्त चालणार होतं. एका मुलाच्या पट्ट्या ९६ ते १०४ मिलिमीटर. सरासरी बरोबर १००! त्याला शाबासकी दिली. एका मुलीच्या मात्र सगळ्याच ९६च्या आसपास. "लक्ष कुठे असतं गं तुझं?" मी रागावले. तिचे डोळे भरून आले.

घरी पट्ट्या पुन्हा मोजल्या. तिच्या पट्ट्यांत जेमतेम १ मिलिमीटरचा फरक, त्याच्या पट्ट्यांत ८! कारखान्यातही हाच फैलाव बघतात. तिथं तो प्रमाण विचलनाच्या सहापट धरतात. चालणारी हद्द भागिले फैलाव, म्हणजे प्रक्रियेची क्षमता. भागाकार १पेक्षा कमी आला, की काही माल बिघडायचाच. आमची हद्द ४ मिलिमीटरची. मुलीचा भागाकार ४, मुलाचा अर्धा!

मग ती चुकली कुठे? दुसऱ्या दिवशी तिची फूटपट्टी पाहिली. टोक ४ मिलिमीटर झिजलेलं! हात पक्का होता, सुरुवातच चुकीच्या जागेवरून होत होती.

"चूक माझी होती गं," मी सगळ्यांसमोर म्हटलं. मग तिने १च्या खुणेपासून ११पर्यंत मोजून पट्ट्या कापल्या. एकही चुकली नाही. त्या मुलाला मात्र फूटपट्टी घट्ट धरायचा सराव करावा लागला. शिकवायला तीच बसली!