आपाकडून शिक!

मुलांनो, तुमच्या घरची भावंडे एकसारखी आहेत का? आमच्या घरची नाहीत.

आम्ही बुलढाण्याला राहतो. मला दोन मुली आहेत. मोठी शांत आहे. शाळेतून आली की दप्तर जागेवर ठेवून अभ्यासाला बसते. धाकटी मात्र दप्तर दारातच टाकून खेळायला पळते. एकदा मी रागावून म्हणाले, "जरा आपाकडून शिक!" ती गप्प झाली. दोन दिवस आपाशी बोललीच नाही. मुलांची तुलना करू नये, हे मी बी.एड.ला शिकले होते. घरी मात्र विसरले.

तिसऱ्या दिवशी रेडिओवर आधी लता मंगेशकरांचे, मग आशा भोसले यांचे गाणे लागले. लताबाई १९२९ सालच्या, आशाबाई १९३३ सालच्या. दोघी मास्टर दीनानाथांच्या मुली; पण प्रत्येकीचा आवाज निराळा. त्यांच्या बहिणी मीनाताईंनी गाण्यांना चाली दिल्या, तर उषाताईंनी गाण्याबरोबर चित्रकलाही जोपासली. चौघी एकसारख्या असत्या, तर आपण किती आनंदाला मुकलो असतो!

मी धाकटीला जवळ घेतले. "बेटा, माझे चुकले. तू तुझ्यासारखीच राहा."

"मग अम्मी, खेळायला जाऊ?"

"आधी दप्तर उचल!"

तिने दप्तर उचलले आणि आपाचा हात धरून तिलाही अंगणात नेले.