रातपाळीची भूक

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सगळ्यात लहान राज्य, साधारण आपल्या गोव्याएवढं. बॉस्टनहून दक्षिणेला निघालं की तासाभरात तिथलं पॉटकेट गाव येतं. प्रवासी कंपन्यांच्या सहलीत हे नाव सापडणार नाही. धबधबा आहे, पण नायगारा बघून आलेल्याला तो दाखवायची सोय नाही. आम्ही गेलो ते न्याहारीला. लेकीचं म्हणणं, ‘‘आई, चकचकीत जागा खूप झाल्या, आता एक साधी दाखवते.’’

ईस्ट अॅव्हेन्यूवर एका जुन्या घराला चिकटून किरमिजी आणि साय रंगाचा एक डबा उभा आहे. त्याचं एक टोक असं निमुळतं, की आता शिट्टी देऊन सुटेल. आठ वर्षांच्या नातीने विचारलं, ‘‘आजी, ही ट्रेन कुठे जाते?’’ ही ट्रेन कुठेच जात नाही, आणि ती कधी रुळावर नव्हतीच. तिचं नाव मॉडर्न डायनर; डायनर म्हणजे अशी डब्यातली साधी खाणावळ. १९४०च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या जडकिन्स नावाच्या कंपनीने हा डबा बांधला. ही मंडळी मूळची घोडागाड्या बनवणारी, नंतर मोटारींचे सांगाडे करू लागलेली. मोटारीचं काम आटलं तेव्हा ती उपाहारगृहं बांधायला लागली. त्या काळात वेगवान आगगाड्यांचं वेड होतं, म्हणून खाणावळीलाही इंजिनाचं नाक. कारखान्यात अख्खं हॉटेल तयार करायचं, गिऱ्हाइकाच्या जागेवर नेऊन ठेवायचं, नळ आणि वीज जोडली की धंदा सुरू. या घाटाचे डबे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. १९७८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत प्रथमच एका डायनरचं नाव लागलं, ते याचं. पुढे गावाच्या मध्यातली जागा सोडावी लागली, तेव्हा वास्तूच उचलून इथे आणली. वारसा वास्तू गाडीवर घालून नेलेली मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

आत दाटीवाटी. गल्ल्यासमोर उंच स्टुलं, पलीकडे तवा, आणि भिंतीवर जागा मिळेल तिथे हाताने लिहिलेले रंगीत कागद. त्या दिवशीचे खास पदार्थ म्हणे. वाचून संपेपर्यंत आपली पाळी येते. इथे दुपारनंतर काही मिळत नाही, त्यामुळे सकाळी रांग असतेच. रांगेत सगळे: रंगकाम करणारे, चर्चहून परतलेल्या बायका, रात्रीची ड्यूटी उतरलेली एक नर्स, आणि आम्ही.

शनिवार होता, आणि आमचे हे शनिवारी अंडं खात नाहीत. डायनरमध्ये हे सांगणं म्हणजे काय, ते लेकीच्या चेहऱ्यावर दिसलं. इथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे कस्टर्ड फ्रेंच टोस्ट: जाड पाव, वर फळं, पेकानचे तुकडे आणि कस्टर्डची धार. त्यात अंडं आत, बाहेर, सगळीकडे. वाढणाऱ्या बाईने ह्यांना ‘हनी’ म्हणून ऐकून घेतलं (ह्यांना या वयात हनी म्हणणारं कोणी भेटल्याने ते जरा खूशच होते), मग ती आत जाऊन विचारून आली आणि जॉनीकेक घेऊन आली. पांढऱ्या मक्याचं पीठ, पाणी, मीठ, तव्यावर तूपटलेल्या कडा. मक्याची धिरडीच ती. या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांकडून, म्हणजे नॅरागॅन्सेट वगैरे जमातींकडून, गोऱ्या वसाहतवाल्यांनी मका शिकला आणि त्याचं हे रूप घराघरांत राहिलं. सोबत कॉफी मिल्क: थंड दुधात कॉफीचा गोड पाक. १९९३ साली हे या राज्याचं अधिकृत पेय ठरलं. ह्यांनी दुसरा ग्लास मागवला. फ्रेंच टोस्ट मी आणि नातीने वाटून घेतला, म्हणजे मी वाटला आणि तिने घेतला.

खाऊन झाल्यावर जावई म्हणाले, ‘‘गिरणी बघू या का? जवळच आहे.’’ गिरणी म्हटल्यावर मी नाही म्हणणं शक्य नव्हतं. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आमच्या चाळीत घड्याळं कमी आणि भोंगे जास्त.

ब्लॅकस्टोन नदीच्या काठावर पिवळ्या लाकडाची, डोक्यावर घंटेचा छोटा मनोरा असलेली इमारत दिसते. गिरणी म्हणून आपल्या डोळ्यांसमोर जे येतं त्यापुढे ही शाळेची इमारत वाटावी. ही १७९३ची स्लेटर मिल. सॅम्युएल स्लेटर हा इंग्लंडमधल्या डर्बीशरचा. तिथल्या सूतगिरणीत तो उमेदवारी करून तयार झाला. यंत्रांचे नकाशे काय, यंत्रं जाणणारा कारागीरसुद्धा देशाबाहेर जाऊ नये असा इंग्रजांचा कायदा होता. हा पठ्ठ्या १७८९ साली शेतमजूर म्हणून बोटीत बसला, यंत्राचा एकही नकाशा सोबत न घेता. यंत्रं डोक्यात होती. पुढल्या वर्षी, ही इमारत उभी राहण्याआधीच, पॉटकेटमध्ये पाण्याच्या जोरावर सूत निघालं. मायदेशी त्याला गद्दार म्हणाले, इथे तो उद्योगाचा जनक ठरला. त्याचे पहिले कामगार सात ते बारा वर्षांची नऊ मुलं होती. हे वाचून मी नातीकडे पाहिलं. ती कठड्यावरून पाण्यात डहाळ्या टाकत होती.

या नदीकाठच्या गिरण्यांना पुढे जो कापूस लागला तो दक्षिणेतले गुलाम वेचत होते, आणि १८६१ साली तिथे यादवी युद्ध पेटल्यावर इंग्लंडने कापसासाठी आपल्याकडे तोंड वळवलं. मुंबईत पैशाचा पाऊस पडला तो तेव्हा. कावसजी दावरांची मुंबईतली पहिली सूतगिरणी त्याच्या आधीची, १८५४ सालची.

पण मला सगळ्यात जास्त आवडली ती १८२४ सालची गोष्ट. पॉटकेटच्या गिरणीमालकांनी विणकरांचा दर कमी केला आणि कामाचा दिवस तासाभराने वाढवला. तो तास आणला कुठून? जेवणाच्या सुटीतून. मागावरच्या पोरी उठल्या आणि बाहेर पडल्या. अमेरिकेतला कारखान्यातला पहिला संप मानतात तो हाच, आणि त्याच्या पुढे बायका होत्या. मालकांच्या घंटेवर लोकांचा विश्वास इतका उडाला, की चार वर्षांनी गावाने वर्गणी काढून स्वतःचं घड्याळ बसवलं. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. घंटा त्यांची, भूक आपली.

डायनरची कुळकथाही इथून फार लांब नाही. शेजारचं प्रॉव्हिडन्स पॉटकेटला लागूनच आहे. तिथल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस काम करायचा. कादंबरीकार नव्हे, फक्त नाव तेच. रात्री आठ वाजले की गावातली हॉटेलं बंद, आणि छापखाना तर तेव्हाच सुरू होणार. हा टोपलीत खाऊ घेऊन विकायला लागला. १८७२ साली त्याने घोडागाडी घेतली, तिला खिडकी पाडली आणि वर्तमानपत्राच्या कचेरीसमोर उभी केली. कॉफी, पाय, उकडलेलं अंडं, लोणी लावलेला पाव. पुढे वूस्टर गावच्या सॅम्युएल जोन्सने १८८७ साली गिऱ्हाइकाला आत उभं राहता येईल अशी गाडी केली, म्हणजे पावसात भिजायला नको. मग स्टुलं आली, घोडे गेले, कारखाने निघाले, आणि त्या गाडीचं वाढत वाढत मॉडर्न डायनर झालं. भूक दिवसाउजेडी लागणाऱ्यांनी डायनर कधीच शोधून काढलं नसतं.

आमच्याकडे ही सोय बायकांनी केली. गावी बायकामुलं ठेवून आलेल्या कामगारांना दहा बाय दहाच्या खोल्यांतून त्या जेवू घालायच्या, पाळीप्रमाणे पंगती. माझी आई दोघातिघांचे डबे करायची, तेव्हा ही खाणावळ आहे असं आम्हाला वाटायचंच नाही. १९७५ साली प्रेमा पुरवांनी या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. रस्त्यावरची सोय त्याच्या आधीची: १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी पावात वडा घातला असं सांगतात. मग १८ जानेवारी १९८२ आला. मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले आणि पंगती उठल्या. वडापाव तेवढा हातगाडीवर उभा राहिला.

संध्याकाळी प्रॉव्हिडन्सला गेलो. तिथे हेवन ब्रदर्स नावाची गाडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती घोडे ओढायचे, आता ट्रक ओढतो. रोज संध्याकाळ झाली की ती सिटी हॉलच्या कुशीत येऊन थांबते आणि उत्तररात्रीपर्यंत हॅम्बर्गर, हॉट डॉग विकते. आत मोजकी स्टुलं, बाकीचे फुटपाथवर उभे. १९८०च्या दशकात महापौरांनी तिला तिथून हलवायचा घाट घातला होता. लोकांनी एवढा आरडाओरडा केला, की गाडी मुकाट्याने परत तिथेच आली.

हे सिटी हॉलच्या पायऱ्यांकडे आणि गाडीकडे आळीपाळीने बघत होते. म्हणाले, ‘‘आपल्याकडे पालिकेची गाडी आली की हातगाडीवाले पळतात. इथे हातगाडी रोज पालिकेला भेटायला येते.’’

‘‘बाबा, तुम्हाला काही हवंय का?’’ लेकीने विचारलं.

‘‘अजून शनिवारच आहे,’’ हे म्हणाले. ‘‘नुसत्या बटाट्याचं काय मिळतं बघ.’’