आमचं घर विकायचं नाही हो!

पार्ले ईस्टला उतरून रिक्षावाल्याला नुसतं ‘तेजपाल स्कीम’ म्हणून बघा. मान मागे न वळवता तो विचारेल, ‘कितवा रोड?’ कारण इथे रस्त्यांना नंबर आहेत. तेजपाल स्कीम रोड नंबर एक, दोन, तीन... पलीकडे परांजपे स्कीम, त्याच्या पुढे सुभाष रोड, हनुमान रोड. आणि बिल्डिंगांची नावं? अर्धी देवांची, उरलेली मालकांच्या आयांची. एकाच नावाच्या दोन सोसायट्या चालत पाच मिनिटांवर असणं यात पार्लेकराला काही विशेष वाटत नाही. पोस्टमनला सगळं पाठ असतं, कुरिअरवाला खालून फोन करतो. प्रॉपर्टीच्या वेबसाइट्स मात्र नावाची पहिली तीन अक्षरं टाइप केली की एक यादी पुढे करतात. घाईतला माणूस त्यातलं पहिलं नाव क्लिक करतो.

अशाच एका क्लिकमुळे गेल्या पावसाळ्यात माझ्या मावशीचा रोड नंबर दोनवरचा वन बीएचके विक्रीला निघाला. मावशीला याची खबर दाराची बेल वाजल्यावर लागली.

दारात एक जोडपं. दोघंही आयटीवाले वाटावेत असे, पाठीला सॅक, हातात ओली छत्री. ‘आँटी, फ्लॅट बघायला आलोय.’ मावशीला वाटलं, वरच्या मजल्यावरचा असेल. मग मुलीने मोबाइल पुढे केला. फोटोत बिल्डिंग होती, दुसरा मजला होता, बाल्कनीतली तुळस होती आणि दोरीवर वाळत घातलेला मावशीचा निळा गाऊन होता. खाली किंमत, पावणेदोन कोटी. मावशीने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. किमतीपेक्षा तिला गाऊनचा राग जास्त आला होता, असं ती अजून सांगते.

त्या जोडप्याला तिने चहा पाजला. (पार्लं आहे, दुसरं काय होणार!) पण त्यानंतरच्या आठवड्यात आणखी दहा जण आले आणि मग मला बोलावणं आलं. मी फ्रीलान्स करते, म्हणजे आमच्या खानदानाच्या मते मला दिवसभर काही काम नसतं. लॅपटॉप उचलला आणि मावशीकडे मुक्काम ठोकला.

घर बघायला येणाऱ्या लोकांबरोबर एखादा एरिया बघणं हा भन्नाट प्रकार आहे. ते खिडकीतून जे विचारतात ते आपण कधी विचारलेलंच नसतं. विमानाचा आवाज रात्री किती येतो? आंब्याचं झाड सोसायटीचं की शेजारच्यांचं? एकाने विचारलं, बिस्किटांचा वास खरंच येतो का? नाही हो, आता नाही येत. १९२९ साली सुरू झालेली पार्ले कंपनीची फॅक्टरी २०१६ मध्ये बंद झाली. मावशी सांगते, आधी वारा फिरला की अख्ख्या पार्ल्याला भूक लागायची. मग ती त्यांना टिळक मंदिर सांगते, म्हणजे १९२३ पासून चाललेला लोकमान्य सेवा संघ. शाळेचं विचारलं तर पार्ले टिळक, १९२१ ची. घर विकायचं नाही हे सांगता सांगता ती एखाद्या कसलेल्या एजंटसारखी पार्लं विकत होती.

खरा प्रॉब्लेम जिन्यात होता. मावशीची बिल्डिंग तीन मजली, जुनी. रिडेव्हलपमेंटची चर्चा कित्येक वर्षं चाललेली. विमानतळ शेजारी असल्याने पार्ल्याचा बराच भाग फनेल झोनमध्ये येतो, म्हणजे विमानांच्या वाटेखाली उंच बांधायला परवानगी नाही. उंची नाही तर बिल्डरला विकायला जादा फ्लॅट नाहीत, आणि ते नाहीत तर त्याला इंटरेस्ट नाही. अशा वेळी सोसायटीतलं कोणी गुपचूप घर काढतंय म्हटल्यावर भुवया उंचावणारच. सेक्रेटरीकाका वर आले. ‘वहिनी, आधी आम्हाला सांगायचं होतंत.’ मावशीने जाहिरात चुकीची आहे म्हणून सांगितलं. काका ‘हो का’ म्हणाले. त्या ‘हो का’चा अर्थ मावशीला बरोब्बर कळला.

दुसरी गोष्ट रात्री कळली. दिवा बंद केल्यावर ती हळूच म्हणाली, ‘त्यानेच टाकली असेल का गं?’

तो म्हणजे माझा मावसभाऊ. न्यू जर्सीला असतो, दर दिवाळीला ‘आई, आता एकटी राहू नकोस’ म्हणतो. आठवडाभर मावशीने त्याला या प्रकरणाचं अवाक्षर सांगितलं नव्हतं. रविवारच्या कॉलवर पावसाबद्दल बोलली, गुडघ्याबद्दल बोलली. बेल वाजली की दचकायची ती अनोळखी माणसांना घाबरून नव्हे, हे मला तेव्हा समजलं.

सकाळी मीच त्याला फोन लावला. सगळं ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प. मग एवढंच म्हणाला, ‘आईला असं वाटलं?’ त्या दिवशी दोघं दीड तास बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही, पण मधे मावशीच्या हसण्याचा आवाज आला होता.

आता कामाचं. नुसत्या जाहिरातीने कोणाचं घर जात नाही, तेव्हा पॅनिक होऊ नका. फ्लॅटची विक्री नोंदणी केलेल्या दस्तानेच होते, निबंधकांच्या कार्यालयात, फोटो आणि अंगठ्यासकट. राज्याच्या नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये आपल्या मिळकतीवर कुठला दस्त झालाय का, हे फुकट बघता येतं. आम्ही बघितलं, काही नव्हतं. खरी भीती वेगळी. कोणी भामटा असल्या जाहिरातीवर टोकन घेऊन पसार झाला, तर फसलेला माणूस पैसे मागायला तुमच्याच दारात येणार. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट आधी, तक्रार नंतर. वेबसाइटने मालकीचा पुरावा मागितला. आम्ही विजेच्या बिलाची कॉपी पाठवली आणि तिच्यावर आडवं लिहिलं, ‘फक्त जाहिरात काढण्यासाठी’. ॲग्रीमेंट वगैरे अजिबात पाठवू नका. सोसायटीलाही लेखी पत्र दिलं, काकांची पोचपावती घेतली. तरी तीच जाहिरात आणखी दोन साइट्सवर उगवलेली होतीच. सगळं साफ व्हायला नऊ दिवस गेले.

एजंट शेवटी फोनवर सापडला. आवाज गोड. ‘मॅडम, ऑफिसच्या मुलाने लिस्टमधून नाव घेतलं, मग लोकेशनवर जाऊन फोटो काढला. नाव सेम, फ्लॅट नंबर सेम, मजला पण सेम. आपला फ्लॅट रोड नंबर पाचवर आहे.’ सॉरी मात्र त्याच्या तोंडून शेवटपर्यंत आलं नाही.

‘चल, बघून येऊ,’ मावशी म्हणाली.

रोड नंबर दोन ते पाच म्हणजे काही फार लांब नाही, पण मावशीच्या गुडघ्यांना आणि पावसाला धरून वीस मिनिटं लागली. वाटेत दोन बिल्डिंगांवर हिरवी जाळी चढलेली. एका गेटवर जुन्या सोसायटीचं नाव आणि त्याच्या वर बिल्डरचा बोर्ड. मावशी प्रत्येक ठिकाणी थांबून इथे आधी कोण राहायचं ते सांगत होती. एका जागी तिला आठवेना, तेव्हा पुढे दहा पावलं गप्प चालली.

तिथे सात नंबरचं दार एका आजोबांनी उघडलं. इस्त्रीचा शर्ट, हॉलमध्ये नव्या उशा, टीपॉयवर पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेले. ‘या या. घर बघायला ना?’ आतून आजी आल्या आणि मावशीकडे बघून थबकल्या. टिळक मंदिरातल्या व्याख्यानांना दोघी जातात, चेहऱ्याने ओळख होतीच.

लेक पुण्याला, म्हणून ते दोघं घर काढत होते. आजोबा म्हणाले, ‘तीन आठवडे झाले. रोज आवरून बसतो, कोणी फिरकत नाही. किंमत जास्त सांगितली का हो आम्ही?’

मावशीने पिशवीतून कालनिर्णयचं फाडलेलं पान काढलं. मागच्या बाजूला अकरा नंबर होते. आलेल्या प्रत्येकाचा तिने लिहून घेतलेला, नावासकट. पहिल्या जोडप्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘चांगली माणसं. चहा कमी साखरेचा.’