बारी

घोड नदी ओलांडली की आमचा श्रीगोंदा तालुका मागे पडतो आणि शिरूरच्या अंगाचे बैलगाड्यांच्या शर्यतींचे घाट लागतात. जत्रांच्या दिवसांत आमच्या घरचे बैल टेम्पोतून तिकडे जात. सोबत माझे दोन चुलते, आबा आणि तात्या.

घाटात गाड्यावर कुणी बसत नाही. पुढे घोडी, मागे चार बैल, आणि घड्याळाचे मोजके सेकंद. आबा खालच्या टोकाला बैल जुंपत, इशारा झाला की हात सोडत. तात्या वरच्या टोकाला उभे. उधळत आलेले बैल धरायचे ते त्यांनी. आबांना दिसे ती पाठमोरी धूळ, तात्यांना दिसत ती शिंगं. बारीचे, म्हणजे त्या एका धावेचे, हे दोन तुकडे रात्री भाकरी मोडताना एकमेकांना सांगत, तेव्हा कुठे दोघांची शर्यत पुरी होई.

असेच दोन भाऊ मला पुढे वाचनात भेटले. 1923 च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंडच्या कृषिप्रदर्शनाच्या मैदानावर मोटारसायकली धावल्या आणि तिथून स्पीडवेचा खेळ फोफावला. गाडीला ब्रेक नाही, गियर एकच. मैदानाला चार फेऱ्या. 1937 साली लंडनच्या वेम्बलीत कॅलिफोर्नियाचा जॅक मिल्न जगज्जेता झाला. त्याचा धाकटा भाऊ कॉर्डी तिसरा आला. आज दोघांचीही नावं फारशी कुणाच्या ओठी नाहीत. मला राहून राहून वाटतं, जॅकच्या त्या दिवसाचा एक तुकडा कॉर्डीपाशीच असणार. तो सांगितल्याशिवाय जॅकलाही आपली शर्यत पुरी कळली नसेल.

7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या. जनावराच्या वेदनेचा प्रश्न खराच होता; आबांनी स्वतः बैलावर कधी चाबूक उगारला नाही. तरी रोज संध्याकाळी दोघे भाऊ दावणीपाशी मुकाट बसलेले असत. 16 डिसेंबर 2021 ला अटी घालून परवानगी मिळाली, तेव्हा आबा नव्हते.

पुढच्या जत्रेला तात्यांचे गुडघे बैल धरण्याजोगे राहिले नव्हते. त्यांना घाटाच्या मध्यावर, कडेला बसवलं. खाली पोरांनी बैल सोडले. तात्यांची मान खालून वर हळूहळू फिरली. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी अख्खी बारी पहिल्यांदा पाहिली.

धूळ बसली तरी ते खालच्या टोकाकडेच बघत होते. मग म्हणाले, "लई लांब असती की रं बारी. आबाला सांगाय पायजे."